बरी, निर्दोष की नुसताच सुटला?

मोठ्या माणसाचा खटला संपला की निकालपत्र कुणाच्या हाती पडायच्या आधीच लोकांचा निकाल लागलेला असतो. "पैसा बोलतो", "वकील तगडा होता", "गरीब असता तर सडला असता" ही वाक्ये चहाच्या टपरीपासून शाळेच्या स्टाफरूमपर्यंत सगळीकडे ऐकू येतात. आरोपी आवडीचा असेल तर तीच माणसे म्हणतात, "बिचाऱ्याला उगाच अडकवले होते." दोन्ही वेळा निकाल कुणी वाचलेला नसतो. या महिन्यात आम्हाला या सवयीबद्दल बोलायचे आहे. कारण या सवयीची किंमत सिनेनट मोजत नाही, ती आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांना मोजावी लागते.

सुरुवात शब्दांपासून करू. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे आमची नजर आधी शब्दांवर जाते. उर्दूत आपण म्हणतो, "बरी हो गया." हिंदी पिक्चरमधला जज आरोपीला "बाइज्जत बरी" करतो. मराठी वर्तमानपत्र लिहिते "निर्दोष मुक्तता". कायद्याच्या मराठीत शब्द आहे "दोषमुक्ती". आणि घरी बोलताना आपण म्हणतो, "सुटला." पाच शब्द, आणि प्रत्येकाचा वास वेगळा. 'बाइज्जत' म्हटले की वाटते, कोर्टाने माणसाची इज्जत धुऊन-पुसून परत दिली. 'निर्दोष' म्हटले की वाटते, त्याने काही केलेच नव्हते हे ठरले. 'सुटला' म्हटले की वाटते, केले होते, पण निसटला.

फौजदारी न्यायालयात खरे तर एकच प्रश्न असतो. सरकार पक्षाने गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध केला का? केला असेल तर आरोपी दोषी. केला नसेल तर दोषमुक्त. पुरावा आणायची जबाबदारी सरकार पक्षाची आहे, आरोपीने आपली बेगुनाही सिद्ध करायची नसते. म्हणून दोषमुक्तीचा निकाल नेहमीच "याने केले नाही" असे सांगत नाही. कधी न्यायालय तसे स्पष्ट लिहिते. पण पुष्कळदा ते एवढेच म्हणते की याने केले, हे तुम्ही दाखवू शकला नाहीत.

समजा, वर्गात एका मुलीच्या कंपासपेटीतून पन्नास रुपये गेले. मधल्या सुट्टीत वर्गात एकच मुलगा होता. सगळा वर्ग त्याच्याकडे बोट दाखवतो. पैसे त्याच्याकडे सापडत नाहीत, घेताना त्याला कुणी पाहिलेले नाही. बाईंनी त्याला शिक्षा करावी का? शिक्षा केली आणि पैसे दुसऱ्यानेच घेतले असतील, तर वर्गात दोन अन्याय होतात: मुलीचे पैसे गेलेच, वर एका पोराच्या माथी चोरीचा शिक्का बसला. आणि खरा चोर मजेत. आई-बाप असलेल्या कुणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. पण त्या मुलाच्या जागी कोट्यवधींचा नट उभा केला की आपण हे विसरतो.

नटाचाच खटला घेऊ. २८ सप्टेंबर २००२ च्या रात्री वांद्र्याच्या हिल रोडवर, अमेरिकन एक्स्प्रेस बेकरीसमोर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर एक मोठी गाडी चढली. एक जण गेला, चार जखमी झाले. गाडी सलमान खानची होती. गेलेला मजूरही आपल्याच समाजातला होता, पोटासाठी मुंबईत आलेला. ६ मे २०१५ ला सत्र न्यायालयाने नटाला पाच वर्षांची शिक्षा सुनावली, आणि त्याच दिवशी उच्च न्यायालयातून त्याला तात्पुरता जामीनही मिळाला. १० डिसेंबर २०१५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्याची दोषमुक्ती केली.

लोक भडकले, आणि भडकण्यासारखे त्यात होतेच. अपघातानंतर तेरा वर्षांनी निकाल. नटाच्या संरक्षणाला असलेला पोलीस शिपाई हा मुख्य साक्षीदार, तो २००७ मध्ये क्षयाने वारलेला. गाडी आपण चालवत होतो, असे कोर्टात सांगायला नटाचा ड्रायव्हर उभा राहिला तो २०१५ मध्ये. मे महिन्यातल्या शिक्षेनंतर तर एका गायकाने रस्त्यावर झोपणाऱ्यांची तुलना कुत्र्यांशी केली होती. गरिबाच्या जिवाची किंमत काय, हे लोकांना त्या एका वाक्यात दिसले. अशा वेळी राग येणे हे जिवंत मनाचे लक्षण आहे.

पण उच्च न्यायालयाने काय म्हटले तेही पाहायला हवे. त्या शिपायाच्या पहिल्या फिर्यादीत नट दारू प्यायल्याची गोष्ट नव्हती, ती नंतरच्या जबाबात आली. म्हणून त्याच्या साक्षीवर पूर्ण विसंबता येत नाही, असे न्यायालयाला वाटले. रक्ताचा नमुना कसा घेतला, कुठे ठेवला, कुणी नेला, यात त्रुटी सापडल्या. गाडीत असलेल्या एका माणसाची साक्ष सरकार पक्षाने घेतलीच नव्हती. सामान्य माणसाला काय वाटते यावर नव्हे, समोर आलेल्या पुराव्यावर निकाल द्यावा लागतो, हेही न्यायालयाने सांगितले. राज्य सरकार पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. आता प्रश्न असा, की आपला राग नेमका कुणावर असावा? संशयाचा फायदा देणाऱ्या नियमावर, की तेरा वर्षे हातात असून धड पुरावा न उभा करणाऱ्या तपासावर?

उत्तर द्यायच्या आधी त्याच वर्षीची, त्याच मुंबईतली दुसरी दोषमुक्ती पाहू. ११ सप्टेंबर २०१५, म्हणजे नटाच्या निकालाच्या तीन महिने आधी. २००६ च्या लोकल गाड्यांतल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात तेरा आरोपी होते. विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले आणि एकाला सोडले. तो एक जण शाळेत शिकवणारा मास्तर होता. नऊ वर्षे त्यांनी तुरुंगात काढली होती. त्यांनी आपल्या अनुभवावर पुस्तक लिहिले.

नट आणि मास्तर यांना सोडणारा नियम एकच होता: पुरावा पुरेसा नसेल तर शिक्षा नाही. नियमाने दोघांत भेद केला नाही. भेद झाला तो निकालापर्यंतच्या वाटेवर. एकाने ती वाट जवळजवळ सगळी जामिनावर, पिक्चर करत काढली. दुसऱ्याने ती कोठडीत काढली. म्हणून "गरीब असता तर सडला असता" हे लोकांचे वाक्य खरे आहे. पण त्यातून निघणारा अर्थ "श्रीमंतालाही सडवा" असा नसावा. गरिबालाही तोच जामीन, तसाच वकील आणि तीच बारीक उलटतपासणी मिळायला हवी, असा तो असावा. नियम ढिला करा, थोड्या पुराव्यावरही शिक्षा द्या, अशी मागणी केली तर नट त्यातूनही वाट काढील. त्याच्याकडे वकिलांची फौज आहे. अडकेल तो मास्तर.

आपल्या फिक्हच्या अभ्यासकांना हे तत्त्व अनोळखी नाही. शंका उरली असेल तर हद लागू करायची नाही, हा नियम मदरशातला विद्यार्थीही शिकतो. काझीची चूक व्हायचीच असेल तर ती शिक्षेच्या बाजूने होण्यापेक्षा माफीच्या बाजूने होऊ द्यावी, ही त्यामागची समज आहे. म्हणजे आजच्या न्यायालयाचा नियम परका वाटून घेण्याचे आपल्याला तरी कारण नाही.

काही जण विचारतात, मग मधला एखादा निकाल का नसावा? पुरावा पुरला नाही, पण आम्ही याला निर्दोषही म्हणत नाही, असे कोर्टाने सरळ सांगावे. हा प्रयोग होऊन गेला आहे. स्कॉटलंडमध्ये जवळजवळ तीनशे वर्षे ज्युरीपुढे तीन निकाल होते: दोषी, दोषी नाही, आणि 'सिद्ध झाले नाही'. १८५७ मध्ये मॅडेलिन स्मिथ नावाच्या ग्लासगोच्या श्रीमंत घरातल्या मुलीवर प्रियकराला विष घातल्याचा खटला चालला. सारा देश त्याकडे डोळे लावून बसला होता. खुनाच्या आरोपावर ज्युरीने 'सिद्ध झाले नाही' म्हटले. ती सुटली, आणि दीडशे वर्षांनंतरही लोक वाद घालतात की विष तिने दिले की नाही.

'सिद्ध झाले नाही' आणि 'दोषी नाही' यांच्यात कायद्याने काडीचाही फरक नव्हता. दोन्हींत माणूस सुटायचा, आणि दोन्हींतली सुटका पूर्ण असायची. फरक होता तो लोकांच्या नजरेत. सुटलेल्याच्या पाठीला डाग चिकटायचा. आणि ज्याच्यावर गुन्हा घडला त्यालाही समाधान नसायचे. विशेषतः बलात्कार सोसलेल्या स्त्रिया म्हणायच्या, की तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, ते तरी सांगा. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने हा तिसरा निकाल रद्द करणारा कायदा मंजूर केला. त्याच कायद्यात आणखी एक बदल झाला. आधी पंधरा जणांच्या ज्युरीत आठ मते पडली तरी माणूस दोषी ठरायचा. आता दोन तृतीयांश, म्हणजे दहा मते लागतील. एका बाजूला डागाचा निकाल काढला आणि दुसऱ्या बाजूला दोषी ठरवायची पायरी उंच केली.

आपल्या कायद्यात असा तिसरा निकाल नाही. पण समाजात तो आहे, आणि सरकारी दप्तरातही. २०१२ मध्ये तामिळनाडूतल्या एका पोलीस शिपायाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. बसस्टॉपवर एका स्त्रीची छेड काढल्याच्या खटल्यातून तो सुटला होता, कारण तक्रारदार कोर्टात उलटले. नोकरी मात्र त्याला परत मिळाली नाही. 'सन्मानाने दोषमुक्त' हा शब्द फौजदारी संहितेत नाही, असे न्यायालयाने नोंदवले. तरीही आरोप खोटा ठरून सुटलेला आणि साक्षीदार उलटल्यामुळे सुटलेला, या दोघांकडे नोकरीच्या बाबतीत खाते वेगळ्या नजरेने पाहू शकते, असे त्याने म्हटले.

त्या शिपायाच्या बाबतीत हे पटते. ज्याला लोकांचे रक्षण करायचे त्याची वर्तणूक तपासायलाच हवी. पण आता एखाद्या वस्तीतला मुलगा डोळ्यांपुढे आणा. दंगलीच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी उभा होता म्हणून त्याचे नाव गुन्ह्यात आले. सात वर्षांनी तो सुटला, आणि निकालात "संशयाचा फायदा देऊन" एवढे तीन शब्द आले. पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणी आली की तेच तीन शब्द त्याच्या वाटेत उभे राहतात. लग्नाची बोलणी निघाली की मुलीकडचे विचारतात, "बरी झाला ते ठीक, पण काहीतरी असेलच ना?" आपल्याच बिरादरीतले लोक हे विचारतात. एकही दोष सिद्ध न होता त्या मुलाची शिक्षा चालूच राहते.

आता लोकांच्या प्रतिक्रियेकडे येऊ. निकाल ऐकून हसायचे की रडायचे, हे पुष्कळदा आपण कोणत्या मोहल्ल्यात राहतो यावर ठरते. अमेरिकेत ३ ऑक्टोबर १९९५ ला ओ. जे. सिम्पसन या नामांकित काळ्या खेळाडूला पूर्वपत्नी आणि तिचा मित्र यांच्या खुनाच्या आरोपातून ज्युरीने सोडले. खटला वर्षभर टीव्हीवर गाजला होता, आणि ज्युरीचा विचार चार तासांच्या आत आटोपला. काळ्या वस्त्यांत लोक नाचले, गोऱ्या वस्त्यांत लोक सुन्न झाले. नाचणाऱ्या सगळ्यांना तो निष्पाप वाटत होता असे नव्हे. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९९१ मध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाला मारहाण केली, तिचे चित्रण जगाने पाहिले. तरी पुढच्या वर्षी ज्युरीने त्या पोलिसांना दोषी ठरवले नाही, आणि उसळलेल्या दंगलीत पन्नासहून जास्त माणसे मेली. सिम्पसनच्या तपासातला एक पोलीस काळ्यांबद्दल कसे बोलतो, याच्या टेपा खटल्यात बाहेर आल्या होत्या. लोकांचा जल्लोष पोलिसांवरच्या जुन्या रागाचा होता.

मेलेल्या दोघांच्या घरच्यांचे मग काय? त्यांनी दिवाणी दावा लावला. दिवाणी दाव्यात पुराव्याचे पारडे एका बाजूला झुकले तरी पुरते, संशयापलीकडे जावे लागत नाही. १९९७ मध्ये त्या ज्युरीने सिम्पसनला मृत्यूंना जबाबदार धरले, आणि एकूण ३ कोटी ३५ लाख डॉलर द्यायला लावले. एकच घटना, दोन न्यायालये, दोन निकाल, आणि कायद्याच्या दृष्टीने दोन्ही बरोबर. तुरुंगात टाकायला पुरावा जास्त लागतो, भरपाई द्यायला कमी. वांद्र्याच्या त्या घटनेतही उच्च न्यायालयाच्या आदेशाने पीडितांसाठी १९ लाख रुपये जमा करायला लावले होते, ते फौजदारी निकालाच्या कितीतरी आधी.

आपल्याकडे असेच दोन निकाल जुलै २०२५ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने आले. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या लोकलमध्ये सात बॉम्ब फुटले, १८० हून जास्त माणसे गेली. त्या खटल्यातल्या बारा जणांना २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सोडले. पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झालेली होती. त्यांतला एक तर २०२१ मध्ये तुरुंगातच मरण पावला होता. कबुलीजबाब आणि ओळख परेड यांवर विसंबता येत नाही, सरकार पक्ष आरोप सिद्ध करण्यात पूर्ण अपयशी ठरला, असे न्यायालय म्हणाले. मग ३१ जुलैला विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींना सोडले. त्यांत प्रज्ञासिंह ठाकूर या माजी खासदार होत्या. रमजानच्या महिन्यात भिक्कू चौकात सहा माणसे गेली होती. तीनशेहून जास्त साक्षीदार झाले, त्यांतले तीसहून जास्त फितूर झाले. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असे न्यायाधीशांनी सांगितले.

त्या दहा दिवसांत पहिल्या निकालाला ज्यांनी इन्साफ म्हटले, त्यांतल्या पुष्कळांनी दुसऱ्याला धोका म्हटले. पलीकडच्या मोहल्ल्यात बरोबर उलट घडले. न्यायालयांचा नियम मात्र दोन्ही वेळा एकच होता. सरकारने पहिल्या निकालाविरुद्ध लगेच सर्वोच्च न्यायालय गाठले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असा आदेश तीन दिवसांत मिळाला, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. मालेगावच्या निकालाविरुद्ध स्फोटात गेलेल्यांच्या घरच्यांनाच उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. हा फरक दिसतो, आणि तो बोलून दाखवायलाच हवा. पण बोलताना आपली मोजपट्टी तरी एकच असावी. एखाद्या जमातीशी असलेल्या वैरापायी इन्साफ सोडू नका, असे सूरह अल-माइदात आपल्याला बजावले आहे. ते दुसऱ्यांना ऐकवण्याआधी आपल्या घरात वाचायचे आहे.

राग अनावर झाला की माणसे शॉर्टकट मागतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. ६ डिसेंबरला त्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाने २०२२ मध्ये सांगितले, की गोळीबार मारण्याच्या हेतूनेच केला होता आणि चारांपैकी तीन जण त्या वेळी अल्पवयीन होते. त्या मुलीला न्याय मिळाला का, हा प्रश्न आता कायमचा अनुत्तरित राहणार, कारण खटला चाललाच नाही. उधळलेल्या फुलांचा हाच हिशेब आहे.

मग सुधारणा कुठे हवी? निकालाच्या शब्दांत फार नाही. निकालाच्या आधी आणि नंतर जे घडते, तिथे ती हवी.

पहिली गोष्ट तपासाची. ७ जानेवारी २०१४ ला गुजरातमधल्या एका लहान मुलीच्या खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला आरोपीची सुटका कायम ठेवावी लागली, इतका तपास भोंगळ होता. त्याच निकालात न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले, की प्रत्येक दोषमुक्तीनंतर खटला का पडला याची छाननी करणारी यंत्रणा उभारा आणि चूक तपास अधिकाऱ्याची असेल तर त्याच्यावर कारवाई करा. एखादा मोठा माणूस सुटला की लोकांनी विचारायचा प्रश्न हाच आहे: छाननी झाली का? तिचा अहवाल कुठे आहे?

दुसरी गोष्ट साक्षीदाराची. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ प्रमाणे प्रत्येक राज्याने अशी योजना करायची आहे. कागदावर ठीक. पण साक्षीदार उलटतो तेव्हा फक्त धमकी कारण नसते. तारखा पडतात, रोजंदारी बुडते, शेजारी म्हणतात, "कशाला भानगडीत पडता?" तो सल्ला देणारे आपणच असतो.

तिसरी गोष्ट वेळेची. नव्या संहितेत युक्तिवाद संपल्यावर तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल द्यावा असे म्हटले आहे. पण युक्तिवादापर्यंत पोहोचायलाच तेरा-सतरा वर्षे लागतात, त्याचे काय?

चौथी गोष्ट, चुकून अडकलेल्याच्या भरपाईची. विधी आयोगाने २०१८ च्या आपल्या २७७ व्या अहवालात अशा माणसांना भरपाईचा हक्क देणारा कायदा करावा असे सुचवले. तो कायदा अजून झालेला नाही. आजच्या संहितेत पुरेशा कारणाशिवाय पोलिसांकरवी कुणाला अटक करवली, तर ती करवणाऱ्याने द्यायच्या भरपाईची मर्यादा आहे एक हजार रुपये. नऊ वर्षे तुरुंगात काढलेल्या मास्तरसाठी तर एवढीही सोय नाही.

या चारही गोष्टी न्यायालयात आणि विधानसभेत व्हायच्या आहेत. घरात व्हायच्या गोष्टी वेगळ्या. निकालाची बातमी आली की व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. न्यायालयाने कोणता पुरावा नाकारला, आणि का? तपास कुणी केला होता? ज्याचा जीव गेला, त्याच्या घरच्यांना आता कोणता मार्ग उरला? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराला माहीत हवे. दोषमुक्तीविरुद्ध अपील करायचा हक्क २००९ च्या अखेरीपासून खुद्द पीडिताला आणि त्याच्या वारसाला आहे, सरकारची वाट पाहावी लागत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो. स्त्रिया, मुले आणि कोठडीतली माणसे यांना उत्पन्न कितीही असले तरी वकील मोफत मिळतो, बाकी पुष्कळांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोन नंबर १५१०० आहे. फ्रिजच्या दारावर गॅसवाल्याच्या नंबराशेजारी तो लिहून ठेवावा.

आणि शेवटी, आपल्या मुलांना गवाहीची किंमत शिकवावी. साक्ष खरी द्या, मग ती स्वतःच्या किंवा आई-वडिलांच्या विरुद्ध का जाईना, अशी ताकीद सूरह अन-निसात आहे. ज्या गल्लीत अपघात पाहणारे दहा जण असतात आणि पोलीस आल्यावर एकही उरत नाही, त्या गल्लीने नट सुटला म्हणून ओरडू नये. आणि जो मुलगा बरी होऊन घरी आला आहे, त्याला "काहीतरी असेलच ना" असे कुणी म्हटले, तर निदान आपल्या दस्तरखानवर तरी ते वाक्य चालू देऊ नये.

पुढच्या महिन्यात भेटू, इन्शाअल्लाह.